पाला कडू लागला, तरीही

गेल्या महिन्यातली गोष्ट... आज टाइप करायला बसलोय. भोकरजवळच्या आमच्या गावात दुपारची जेवणं उरकली होती. सुमन, म्हणजे आमची मंडळी, मागच्या अंगणात चुलीसाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून जळण काढत होती.

"काटा मोडला वाटतं," म्हणत ती बोट झटकत घरात आली. मग सहज म्हणाली, "ढिगात काहीतरी काळं सरकलं बगा."

मी बोट बघितलं. दोन बारीक ठिपके. ना सूज, ना रक्त... आणि नेमकं तेच बघून मी घाबरलो.

का, ते सांगतो. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. दुकानाच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत वाचत पुढचं शिकलो. म्हातारपणी गावातल्या वाचनालयात जायला लागलो, तर तिथले सर माझ्यासाठी देवाधर्माची पुस्तकं काढून ठेवायचे. वयाला शोभतील अशी.

मी मात्र कपाटातून सापांचं पुस्तक उचललं. कारण एकच, मला सापाची लई भीती. म्हटलं, वाचून कमी होईल.

कुठलं काय... उलट वाढली. उशी झटकल्याशिवाय डोकं टेकवेना. चपला काठीनं उलट्या केल्याशिवाय पाय घालेना. सुमन म्हणायची, "लोक वाचून शाणे होतात, तुम्ही भेकड होऊन राहिलात."

मण्यारीच्या पानावर तर मी थांबलोच. चावलेलं दुखत नाही, सुजत नाही, थोडा वेळ माणूस अगदी ठणठणीत दिसतो. मग पापण्या जड होतात, मग श्वास अडतो... एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढच्या पानावर उपाय असणार, पण धीरच झाला नाही. आपल्या मर्जीचं वाचन, कोण विचारणार?

मी सुमनचं बोट बघत होतो तोवर गल्ली जमली. माझे थोरले भाऊ, दादा, पुढं झाले. आमच्याकडं असं काही झालं की कडुलिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर विष नाही, कडू नाही लागला तर विष भिनलं. सुमननं पाला चघळला आणि तोंड वाकडं केलं. "कडूजहर हाय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा म्हणाले, "मारुतीच्या पारावर बसवू घटकाभर, नारळ फोडू. झालं."

मी म्हणालो, दवाखान्यात न्यायचं.

"पाला कडू लागलाय की रे."

"लागू दे."

"वाचून वाचून डोस्कं फिरलंय तुझं. धडधाकट हाय ती. बाईमाणसाला उगं भेव घालू नको."

उभ्या जन्मात मी दादांपुढं आवाज चढवला नव्हता. माझ्या बाजूला होतं काय, तर अर्धवट वाचलेलं एक पुस्तक... ते खोटं निघालं तर गाव हसेल. खरं निघालं तर? तो विचार पुरा करवेना. शेजारच्या इस्माईलला म्हणालो, आटो काढ.

त्यानं एकदा दादांकडं बघितलं, एकदा सुमनकडं. "बसा चाचा. कडू असो नाहीतर गोड, एक चक्कर मारून येऊ."

दोरी आवळू नका, हात हलू देऊ नका, एवढं पुस्तकाच्या सुरुवातीचं मला आठवत होतं. तिचा हात मांडीवर धरून बसलो. ती वाटभर कुरकुरत होती... दूध तापवायचं राहिलं, लोक काय म्हणतील. मी फक्त तिचे डोळे बघत होतो.

भोकर जवळ आलं आणि ती बोलता बोलता थांबली. "झोप यायलीय," म्हणाली.

"झोपू नको. डोळे उघड."

"उघडेच हायत की."

उघडे नव्हते... दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि तिला कळत नव्हतं. इस्माईलनं आरशात बघितलं. आटो आणखी जोरात पळवला.

भोकरला लगेच सलाईन लावलं, विषावरची इंजेक्शनं सुरू केली, आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं नांदेडला. श्वासासाठी नळी घालावी लागली. मी बाहेरच्या बाकावर. पुढचं पान मी वाचलंच नव्हतं ना... यातून माणूस वाचतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाई दाराशी आल्या की मी मान खाली घालायचो, काही विचारायचो नाही. पुस्तक मिटलं होतं, तसंच.

दादा आले, शेजारी बसले. म्हणाले, "खाल्लंस का काही?" फडक्यातली भाकरी माझ्या हातावर ठेवली. पाल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दोन दिवसांनी नळी काढली. सुमन आता घरी आहे.

गावात लोक म्हणतात, मोठी हिंमत केलीत. हिंमत कसली... भीतीनं अर्धा झालो होतो. फक्त कशाला भ्यायचं ते मला कळलं होतं, आणि ते स्वतः निवडलेल्या पुस्तकानं शिकवलं. डॉक्टरीणबाईंचे, इस्माईलचे, आणि ते पुस्तक मला नेऊ देणाऱ्या सरांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुपारी सुमन जरा आडवी झाली, डोळा लागला, की मला राहवत नाही. हाक मारतो. एकदा, दोनदा... "झोपू द्या की जरा," असं ती वसकन अंगावर येते.

मग मला बरं वाटतं.