दुसऱ्यांदा रक्त

सिल्वासातल्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनात निघालेली हाडं दुसऱ्या रुग्णांसाठी जपणारी हाडांची बँक उभी राहिली, तेव्हा मी आधीच थकले होते. वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली होती. त्यात परवानगीचे अर्ज, तपासणीला येणारे साहेब आणि उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणखी दोन वर्षं खाऊन गेले.

पहिलं हाड एका आजींचं. अथालच्या चाळीत मोरीत पडून त्यांचा खुबा मोडला होता. सांधा बदलताना निघालेला हाडाचा गोळा त्यांनी आनंदाने दिला. रक्त तपासून आम्ही तो गोठवला. पण काही संसर्ग पहिल्या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून सहा महिन्यांनी दात्याचं रक्त पुन्हा तपासावं लागतं. तोवर हाड वापरता येत नाही.

सहा महिन्यांनी फोन केला, तर आजींच्या मुलाने तो कापला. पुन्हा लावला, तर बंद. शेवटी रविवारी स्कूटर काढून मीच अथालला गेले. मुलगा सुताच्या कंपनीतून नुकताच ड्यूटी संपवून आला होता. मी गॅलरीतच उभी राहून रक्ताचं सांगायला लागले. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आईच्या रक्तात काय निघालंय ते सरळ सांगा ना."

"काहीच नाही. नियम आहे."

"मग काही नाही तर परत कशाला? आई गावाला आहे. ती येणार नाही."

दार लागलं. चूक माझीच होती. असं चारचौघांत बोलायला नको होतं. परत येताना सिल्वासाच्या रस्त्यावर ट्रकच्या रांगेत अडकले आणि वाटलं, ही बँक दुसऱ्या कुणीतरी चालवावी.

तीन आठवड्यांनी पाय दाखवायला आजी स्वतः आल्या, काठी टेकत. मुलगा मागे, मान खाली घालून. मी शहाद्याकडची आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून त्या माझ्याशी अहिराणीतच बोलायच्या.

"मनं हाड आजून आठेच शे का?" त्यांनी विचारलं.

"हो, इथेच आहे," म्हणत मी फ्रीझर क्षणभर उघडून बर्फाने पांढरं पडलेलं पाकीट दाखवलं.

"इतलंसं? आन यानंच मला इतलं रडवलं?" त्या हसल्या आणि हात पुढे केला. मी रक्त काढलं. मुलगा म्हणाला, "सॉरी, मॅडम. चाळीत लोक काहीबाही बोलत होते." मीही माफी मागितली.

रिपोर्ट स्वच्छ आला. पुढच्या महिन्यात एका बाईच्या गुडघ्याच्या हाडातली गाठ काढून झालेल्या पोकळीत आजींच्या हाडाचा चुरा भरला. सर्जन म्हणाले, "सिस्टर, झालं बुवा तुमचं काम."

मी मान डोलावली. जिन्यात बसून बूट काढले, पाय चोळले आणि दुसऱ्या तपासणीच्या यादीतल्या पुढच्या दात्याला फोन लावला. उचलला नाही.