सुगराबीनं बसवलेलं बूड

संग्रामपुरात सुगराबीला ओळखत नाही असं घर नव्हतं. लाखेच्या बांगड्या करणं हा तिच्या माहेरचाही धंदा आणि सासरचाही. नवरा गेल्यावर शेगडी तिनंच पेटती ठेवली. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं पळसावरची लाख आणून द्यायची. ती वितळवायची, गाळायची, विटेची बारीक पूड मिसळून वळायची. काचेच्या बांगड्या आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं होतं, तरी विळ्याची मूठ ढिली झाली, सुरीचं पातं निघालं, की माणसं तिच्याच दारात यायची. लाख ओतून ती मूठ अशी बसवायची की पुन्हा हलायचं नाव नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या त्या वर्षांत गावात रेडिओ एकच, हिंमतरावांच्या ओसरीवर. गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचा. हिंमतरावांचा मुलगा उत्तमराव फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडं गेला होता. तेव्हापासून त्याची आई वच्छलाबाई दिवेलागणीला बातम्या ऐकायला बसायची. त्यातलं अर्धंअधिक तिला कळत नसे. पण बातम्या चालू आहेत म्हणजे तिकडंही सगळं चालू आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

एके दिवशी रेडिओ खरखरायला लागला. हिंमतरावांनी मागची फळी काढली, आतला काचेचा व्हॉल्व्ह धरून उपसला, तर काच हातात हलायला लागली. व्हॉल्व्ह म्हणजे वर काचेचा फुगा, खाली काळं बूड आणि बुडाला बारीक पाय. काच आणि बूड यांना धरून ठेवणारा मसाला वाळून त्याचा भुगा झाला होता. खामगावच्या रेडिओवाल्यानं हात वर केले. लढाई संपेपर्यंत नवा व्हॉल्व्ह विसरा, म्हणाला.

वच्छलाबाईनं सुगराबीला बोलावणं धाडलं.

"सुगराबी, मूठ बसवतं तसं हे बसवून देशीन का?"

"काच हाये, वैनी. काचेले कधी अशी लाख लावली नाई मी. पण पाह्यतो."

घरी येऊन तिनं नेहमीसारखी लाख तापवली आणि बुडात ओतली. टक् असा बारीक आवाज झाला. काचेला केसासारखी चीर गेली आणि आत आरशासारखा चकाकणारा जो डाग होता, तो तिच्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा पडला. व्हॉल्व्हमधलं तिला काही कळत नव्हतं, पण आतलं काहीतरी गेलं एवढं कळलं.

ती तशीच उठून ओसरीवर गेली. "वैनी, माह्या हातानं गेला."

हिंमतराव वावराकडं निघून गेले. वच्छलाबाई त्या पांढऱ्या फुग्याकडं बघत राहिली.

"तुले काऊन देला मी," एवढंच ती म्हणाली.

सुगराबीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. तिनं तो मेलेला व्हॉल्व्ह मागून घेतला, आणि बरेच दिवस त्या गल्लीतून गेली नाही. दुपारी हात रिकामा झाला की तो घेऊन बसे. बूड फोडून पाहिलं, तर काचेतून निघालेल्या बारीक तारा एकेका पोकळ पायात उतरलेल्या. म्हणजे काच फिरवायची नाही. फिरवली तर तारा एकमेकींना लागणार. आणि विस्तव तर जवळही आणायचा नाही.

तिचा धाकटा भाऊ निजाम सुतारकाम करायचा. कपाटाच्या पॉलिशसाठी तो लाख स्पिरिटमध्ये विरघळवत असे. सुगराबी त्याच्याकडं बाटली घेऊन गेली.

"आपा, बांगड्याइले पॉलिश करतं का आता?"

"नाई रे. विस्तवाबिगर लाख बसवाची हाये."

त्या पातळ लाखेत तिनं विटेची पूड कालवली आणि कंदिलाच्या फुटक्या काचा डब्यांच्या झाकणांत बसवून पाहिल्या. पहिल्या वाळल्यावर सुटल्या. मग लाख दाट केली, थोडी थोडी भरली, मध्ये उन्हात वाळू दिली. शेवटी एक काच ओढून ओढून तिची बोटं दुखली, पण ती हलली नाही.

तेव्हा तो मेलेला व्हॉल्व्ह घेऊन ती हिंमतरावांकडं गेली. "खामगावच्या रेडिओवाल्यापाशी काच चांगली पण बूड सुटलेले जुने पडून असतीन. याच जातीचा एखांदा पाहून आणा."

हिंमतरावांनी तो नमुन्याला घेतला. मग बैलगाडी जोडायला सांगितली. चौथ्या दिवशी ते कापसात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह घेऊन आले.

"ह्या खेपेले माह्यासमोर कर," वच्छलाबाई म्हणाली.

"समोर नाई, संगं करा. काच तुम्ही धरा. फिरू देऊ नका."

दोघी ओसरीवर बसल्या. वच्छलाबाईनं काच धरली, आणि सुगराबीनं काडीनं लाख भरली, वरून सूत बांधलं. नंतर तीन-चार दिवस तो व्हॉल्व्ह टोपल्याखाली उन्हात होता, आणि वच्छलाबाई येता-जाता कोंबड्या हाकत होती.

रेडिओत बसवल्यावर आधी काहीच झालं नाही. मग दुरून आल्यासारखा माणसाचा आवाज आला आणि हळूहळू मोठा झाला. बातम्याच होत्या. वच्छलाबाईनं डोळे मिटून घेतले.

"उद्या ये," बातम्या संपल्यावर ती सुगराबीला म्हणाली. "ऐकाले ये. कामाले नोको येऊ."

पुढं ही गोष्ट पसरली. वडनेर भोलजीहून, जळगावहून माणसं कापसात व्हॉल्व्ह गुंडाळून आणू लागली. विजेवरच्या रेडिओंतले व्हॉल्व्ह फार तापतात, त्यांत तिची लाख मऊ पडते, हे एकदा नुकसान होऊन कळलं. तसले ती परत द्यायची. "हे माह्या लाखेचं काम नाई," म्हणायची.

लढाई संपली. उत्तमराव एका पायानं लंगडत, पण जिवंत घरी आला. नवे व्हॉल्व्ह मिळू लागले आणि सुगराबीकडं कुणी येईनासं झालं. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. ओसरीवर जाणं मात्र तिनं सोडलं नाही. खांबाजवळ वच्छलाबाई तिच्यासाठी पोतं अंथरून ठेवायची. बातम्यांमागून गाणी लागत. बातम्या चालू असताना दोघी गप्पा मारत, गाणं लागलं की गप्प होत.