राक्षसाला मेला कोण म्हणणार?

बीदरमधल्या मैलूरच्या जगदेवप्पांनी चौतीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी केली. निम्म्या गावाच्या गुडघ्यांना त्यांनी आयोडीन लावलं असेल. रस्त्यात कुणी भेटलं की ते चेहऱ्याआधी जखमेची खूण ओळखतात. "कोपरवाला तू व्हय रे? सात टाके?" माणूस लाजून मान डोलावतो.

निवृत्त झाल्यावर हे हात रिकामे बसेनात. त्याच सुमाराला त्यांची भाची नेत्रावती हिनं घरात एक खेळ आणला. टेबलाभोवती बसायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंच्या फाशांनी ठरवायचं. प्रत्येकाला मोजके प्राण, घाव बसला की ते कमी होत जाणार. वीर दोघे : नेत्रावती, आणि शेजारचा बियाणेवाला बालाजी. सूत्रधार जगदेवप्पा, कारण आवाज त्यांचा मोठा आणि टेबलही त्यांचंच.

दर रविवारी दुपारी झकास लढाया व्हायच्या. मग एकदा अप्पांनी नियमांचं पुस्तक पूर्ण वाचलं. त्यात लिहिलं होतं, वीरानं रात्रभर झोप घेतली की त्याच्या सगळ्या जखमा बऱ्या होतात.

"येका रात्रीत?" अप्पा ओरडले. "कुऱ्हाडीचा घाव? मग चौतीस वरसं मी काय करायलो होतो?"

त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि स्वतःचे नियम लिहायला घेतले. तलवार लागली, धनुर्वाताचं इंजेक्शन. जबड्यावर गुद्दा बसला, तीन आठवडे पातळ आहार. बालाजीचा महापराक्रमी वीर दिवाळीपासून पेजेवर होता. पण सगळ्यांत भयंकर नियम एक्केचाळिसावा. माणूस आजारी पडला की ओळखीपाळखीचे बघायला येतात. ते खेळातही येणार. किती येणार ते फासे सांगणार. वीरानं प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायची, आणि दर हकीकतीमागे एक प्राण कमी करायचा.

"लोक घावानं मरत न्हाईत," अप्पा म्हणायचे, "बघायला येनाऱ्यांनी मरत्यात. मी बघितलंय."

अशात नेत्रावतीला बेंगळूरुला नोकरी लागली. गुरुवारी निघायचं होतं. तिची वीरांगना वज्राबाई दोन वर्षं खडकासुर राक्षसाच्या मागावर होती आणि आता हा शेवटचा रविवार. डाव मांडला, टेबलावर मातीचे वीर आणि राक्षस ठेवले. वज्राबाई गुहेत शिरली, ओल्या दगडावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. अप्पांनी वही चाळून सहा आठवडे प्लास्टर सांगितलं आणि तिला घरी नेऊन खाटेवर निजवलं.

"मामा, कामून असं करायलाव? आज तेला मारल्याबिगर मी उठनार न्हाई."

"हाडाला गुरुवार कळत न्हाई, बाई."

"जादूचं औषध पाजा की, अप्पा," बालाजी म्हणाला.

"कोन्या कंपनीचं?"

नेत्रावतीनं वही ओढून घेतली आणि एक्केचाळिसाव्या नियमावर बोट ठेवलं. "राक्षस माझ्या वळखीचा हाय का न्हाई?"

"दोन वरसांची वळख."

"मग बघायला येनार का न्हाई?"

अप्पा घुटमळले. न येऊन कसं चालेल? गाव काय म्हणेल? खडकासुर आला. अर्धा डझन केळी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन, दारात शिंगं वाकवून आत शिरला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. अप्पांनी घोगरा आवाज काढला. "कसं झालं वो, बाई?" वज्राबाईनं पहिल्यापासून हकीकत सांगितली. एक प्राण गेला. मग राक्षसानं हाड बसवणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला, आणि प्लास्टर नीट आहे का बघायला वाकला.

नेत्रावतीनं उशीखालची तलवार काढली आणि फासा टाकला. वीस! यापुढे फाशालाही काही येत नाही. घाव थेट मानेवर.

बालाजी खुर्चीवर चढून नाचायला लागला.

"दाबून धरा!" अप्पा ओरडले. "स्वच्छ फडकं आना!" आणि लिंबाएवढ्या मातीच्या राक्षसाची मान त्यांनी अंगठ्यानं दाबून धरली.

"मामा, मेला त्यो! प्राण शून्य झालेत."

"शून्य म्हंजे बेशुद्ध. मेला असं डॉक्टर म्हनतो. मी कंपाउंडर हाय." अप्पांचा आवाज उतरला. "डॉक्टर गावाला गेलेले असले तरी सलाईन लावून वाट बघितली मी. पन चौतीस वरसांत कुनालाच मेला म्हनलो न्हाई."

बालाजी हळूच खाली उतरला. नेत्रावतीचे डोळे भरून आले. "मी जायलेय, मामा. ह्याला असंच लटकत ठिवून जाऊ व्हय?"

अंगठा काही हलेना.

आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला. सिद्धम्मा, म्हणजे जगदेवप्पांच्या सौभाग्यवती, पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. गल्लीतल्या प्रत्येक मयताला चाळीस वर्षं सगळ्यांत आधी पोचलेली बाई. त्यांनी नवऱ्याचा अंगठा बाजूला केला, राक्षस उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"गेला की," त्या म्हणाल्या. "भाकरी गार व्हायलीय."

अप्पांनी वही पुढ्यात ओढली. मग पेनाचं टोपण काढून वहीत लिहिलं : खडकासुर मयत, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खाली रेघ मारली आणि वही बायकोपुढे सरकवली. "सही तुमची."

सिद्धम्मांनी कन्नडमध्ये झोकदार सही केली. नेत्रावतीनं ते पान अलगद फाडलं आणि बेंगळूरुच्या बॅगेत, नोकरीच्या पत्राशेजारी ठेवलं.