अम्माच्या भावासाठी केलेली फिल्म

ईश्वरीअम्माने फिल्मला होकार दिला तो एकाच अटीवर. फिल्म अजमेर, कोटा, आदिपूर, जिथे जिथे सिंधी माणूस जाऊन राहिलाय तिथे तिथे दाखवायची. नाहीतर इथे कॅम्प पाचमध्ये, आमच्या या निर्वासितांच्या वस्तीत बसून स्वतःचं कौतुक बघायची तिला काडीची हौस नव्हती. तिला फाळणीत हरवलेला भाऊ शोधायचा होता. वय नव्वदीला टेकलं होतं, पण ही एक गोष्ट तिने सोडली नव्हती.

मी तिची शेजारीण. चामटोलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला सिंधी कळत नव्हतं आणि हिंदीही धड येत नव्हतं. अम्माच्या ओट्यावर उडदाचे पापड लाटायला बसले आणि दोन्ही भाषा शिकले, शिव्यांसकट. तिची जीभ फार तिखट. पापड जरा जाड झाला की उन्हात धरून विचारायची, हा काय सासूच्या डोक्यात घालायला केलास? पण शेजारी कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा. दारात कुणीही येवो, अगदी विजेचा मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, पापड आणि पाणी घेतल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. नवरा लवकर गेला. पापडांवर तिने दोन मुलगे वाढवले आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या हाताला काम दिलं. भावाचा विषय मात्र ती फारसा काढायची नाही, आणि आम्हीही तिला विचारत नव्हतो.

फिल्म करणारी जिज्ञासा कुळगावची. फाळणीच्या कत्तलीतून वाचलेली माणसं आता राहिलीत किती, त्यांचं ऐकून ठेवायला हवं, असं तिचं म्हणणं. पोरगी गुणी, पण हट्टी. शूटिंग चालू तोवर आमचे मिक्सर बंद, फ्रिज बंद, तोंडं बंद. माझं विरजण त्या उकाड्यात फुकट गेलं त्याचं खापर मी अजून तिच्यावर फोडते.

अम्मा कॅमेऱ्यासमोर धुवट पांढरे कपडे घालून, ताठ बसली. जिज्ञासाने आधी नाव विचारलं. अम्माने कोर्टात सांगावं तसं सांगितलं, ईश्वरी जेठानंद गेही. भावाचं नाव चेतनदास. मग हळूहळू बाकीचं आलं. गावात जमाव शिरला तेव्हा वडिलांनी या दोघांना सरकीच्या कोठारात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ती अकरा वर्षांची, भाऊ चारेक वर्षांचा. त्याच्या तोंडावर हात दाबून ती बसून राहिली. बाहेर कोण ओरडतंय ते तिला आवाजावरून कळत होतं. आधी आई, मग काकू, मग कुणीच नाही. कडी काढायला घरातलं कुणी उरलं नव्हतं. ती काढली शेजारच्या मुसलमान म्हातारीने. तिनेच दोघांना आपल्या चादरीखाली लपवून बंदराकडे निघालेल्या लोकांपर्यंत पोचवलं. बंदरावर भावाला तहान लागली. अम्माने त्याला कुणाच्या तरी ट्रंकेवर बसवलं, हलू नकोस म्हणून बजावलं आणि पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा तिथे ट्रंक नव्हती आणि भाऊही नव्हता.

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण यातलं काही मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात मला रडू आवरेना, तर जिज्ञासाने हातानेच गप्प राहायला सांगितलं. मला तिचा रागच आला. पण तिचंही खरं होतं, आवाज रेकॉर्ड होत होता.

फिल्म पहिल्यांदा इथेच दाखवली. हारतुरे झाले, एका पुढाऱ्याचं भाषण फिल्मपेक्षा लांबलं. मग जिज्ञासा शब्दाला जागली आणि गावोगाव फिल्म घेऊन फिरली. अम्मा इथे फोनची वाट बघत बसायची. फोन आंघोळीला जातानाही दारापाशी ठेवायची. फोन यायचे, नाही असं नाही. लोक फिल्म बघून हळहळायचे आणि शेवटी पापड कुरिअरने मिळतील का विचारायचे. अम्मा तेव्हा हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली, आणि पापड लाटणंही तिने सोडलं.

तिचं मन रमावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात जिज्ञासा आली ती मोबाईलवरचे व्हिडिओ घेऊन. ठिकठिकाणी फिल्म संपल्यावर प्रेक्षक काय बोलले, ते तिने टिपून ठेवलं होतं. आम्ही तिघी चहा पीत बघत होतो. बायका डोळे पुसत होत्या, कुणी अम्माच्या हिमतीचं कौतुक करत होतं. मग अजमेरला धर्मशाळेत फिल्म दाखवली तिथले एक म्हातारबाबा आले. कानात मशीन, डोक्यावर पांढरी टोपी. म्हणाले, "मेरी बहन भी पानी लेने गई थी. लेकिन उसका नाम सुंदरी था. मुझे मिठू बुलाती थी." एवढं बोलून त्यांनी हात जोडले आणि उठून गेले.

अम्माने कप खाली ठेवला. परत लाव म्हणाली. जिज्ञासाने परत लावलं.

"सुंदरी मी आहे," अम्मा म्हणाली.

जिज्ञासाला वाटलं, वयामुळे म्हातारी घोटाळा करतेय. ती समजुतीचं काहीतरी बोलायला गेली, तेव्हा अम्मा चिडून म्हणाली, लग्नाआधीची सुंदरी.

सिंध्यांत लग्नात नवरीचं नाव बदलतात, नवऱ्याच्या नावाशी जुळवून लग्न लावणारा महाराज नवं नाव देतो. आमच्यात तरी वेगळं काय? मी माहेरी जनी, तांदळाच्या ताटात नाव लिहिलं आणि कीर्ती झाले. ज्या नावाने आयुष्य काढलं तेच बाईचं खरं नाव, असं आम्ही सगळ्याच धरून चालतो. आणि चेतनदास हे पोराचं बारशातलं नाव. घरात त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. पण एवढा मोठा कॅमेरा समोर, चार गावांत दाखवायची गोष्ट, तिथे लाडाची नावं काय सांगायची, असं अम्माला वाटलं. बिचारीने मान राखून दोन्ही भारदस्त नावं सांगितली. चार वर्षांच्या पोराला त्यातलं एकही माहीत नव्हतं. त्याला गाव आठवत नव्हतं, वडिलांचं नाव आठवत नव्हतं. आश्रमात वाढला, तिथे कुणी त्याला नारायण केलं, हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. आठवत होती ती सुंदरी आणि तिची मिठू म्हणून हाक. पाणी आणायला गेलेल्या बहिणी तर त्या बंदरावर पुष्कळ असतील, म्हणून तो हात जोडून घरी गेला.

जिज्ञासाने तिथल्या तिथे अजमेरला फोनाफोनी करून नंबर मिळवला. म्हातारबाबांच्या नातीने उचलला. बाबा दिवाळीच्या आधीच गेले, तिने सांगितलं. जिज्ञासाचा चेहरा बघूनच अम्माला कळलं. तिने फोन मागून घेतला आणि सिंधीत एवढंच म्हणाली, मी फिल्ममधली ईश्वरी बोलतेय.

पलीकडे पोरीला कोण आनंद झाला. फोन स्पीकरवर होता, मला सगळं समजत होतं. तिने पहिलं हेच विचारलं, "अम्मा, तुमचा भाऊ मिळाला का?"

मग ती सांगत सुटली. बाबा रोज संध्याकाळी झुलेलाल देवापुढे कुर्त्याची कड पसरून उभे राहायचे. ते लोक त्याला पल्लव म्हणतात, आपण पदर पसरणं म्हणतो. जन्मभर त्यांनी बहीण मागितली. फिल्म बघून आले आणि स्वतःचं मागणं बंद केलं. आता माझी वेळ गेली, म्हणायचे, त्या बाईला तरी तिचा भाऊ मिळू दे. शेवटच्या आजारातही अंथरुणात बसून चादरीची कड पसरायचे आणि म्हणायचे, ईश्वरीबाईचा चेतनदास तिला भेटव.

"मिळाला, बेटा," अम्मा म्हणाली. मग तिने फोन पुढे केला. जिज्ञासाने फोन घेतला आणि खरं काय ते त्या पोरीला सांगायला बाहेर गेली.

मी अम्माला पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याने बरोबर मागितलं गं. नाव मीच चुकीचं दिलं."