क्लिकराव

"क्लिक कुठंय? सांगा ना राव, कुठंय यात क्लिक?"

फोरमन ओरडत होता. हेब्बाळच्या तळ्यावरचे बगळे त्या दुपारी जे उडाले ते पुन्हा परतलेच नाहीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याच्या हातात एक काळा टेलिफोन होता, आणि ज्यांच्यावर तो ओरडत होता ते क्लिकराव खिडकीजवळच्या उंच स्टुलावर डोळे मिटून बसले होते. अख्ख्या शेडमध्ये शांत असे तेवढेच.

क्लिकराव आमच्या टेलिफोन कारखान्यातले तपासनीस. पन्नास-साठच्या दशकांत अर्ध्या हिंदुस्थानचे फोन त्यांच्या कानाखालून गेले असतील. उरलेल्या अर्ध्या हिंदुस्थानकडे फोन नव्हतेच. तयार सेट समोर आला की ते डोळे मिटायचे, रिसीव्हर ठेवायच्या जागेवरच्या दोन खुंट्या दाबून सोडायचे, आणि आतली पितळी पट्टी बोलली की "हां, क्लिक" म्हणून शिक्का मारायचे. पुन्हा पुढचा सेट. सकाळी सातपासून तेच. मी शेजारी बसून स्क्रू पिळायचो. माझा मेंदू दहाला झोपायचा. त्यांचा कान भोंगा होईपर्यंत जागा असायचा.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेलं. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि इंग्रजी म्हणाल तर हा एकच शब्द. पण तो त्यांनी असा वापरला की साहेबानं पाहिलं असतं तर भाडं मागितलं असतं. सकाळी भेटले की "काय तम्मा, क्लिक आयता?" म्हणजे सगळं ठीक ना. मला ते तम्मा म्हणायचे, धाकटा भाऊ. चकलीला क्लिक हवा, इडलीला नको. पुतणीला मुलगा पाहून आले, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, कसं काय स्थळ?" तर म्हणाले, "शिकलेला आहे, उंच आहे. पण दोघं समोरासमोर बसली आणि स्वल्पही क्लिक झालं नाही रे." नवी कवळी बसवली त्या दिवशी तर दर घासाला आवाज यायचा. "बघ," म्हणाले, "आता जेवणसुद्धा पास करूनच आत सोडतो."

फोनच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. मी एकदा कंटाळून म्हणालो, "अण्णा, एखादा मुका सेट गेला तर काय बिघडतं?"

"कुणाच्या तरी घरी जाणार तो. त्या घरात कुणी आजारी पडेल, कुणीतरी रिसीव्हर उचलेल. तेव्हा तू जाणारेस का तिथं क्लिक करायला?"

त्यांचा कान गेला हे मला भोंग्यामुळे कळलं. जेवणाचा भोंगा झाला. तो असा की यशवंतपूरच्या गाड्या स्वतःचीच शिट्टी समजून सुटायच्या. सगळे उठले आणि क्लिकराव डोळे मिटून पुढचा सेट दाबत राहिले. मी खांद्याला हात लावला तसे दचकले. डबा घेऊन माझ्याशेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "बोटाला कळतं मला अजून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तम्मा. या स्टुलावरनं उठवलं तर पॅकिंगला टाकतील. फोन कागदात गुंडाळायचे." डब्यातला भात कालवत म्हणाले, "दमलोय रे. पण इथंच दमू दे."

मी कुणाला बोललो नाही. त्यांचं बोटही चांगलं होतं. आठ-दहा महिने कुणाला शंका आली नाही. मग त्यांच्या शिक्क्याचा एक मुका सेट परत आला, आणि फोरमननं परीक्षा ठरवली. वीस सेट, त्यातल्या एकाची पट्टी आतून वाकवलेली. खुंटीची स्प्रिंग शाबूत, म्हणजे बोटाला काही कळायला नको.

वाकडा सेट कितवा ते मी आदल्या दिवशी काढून घेतलं. कसं ते विचारू नका. दोन मसाला दोसे खर्ची पडले. क्लिकरावांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "मी समोरच उभा राहतो. तो सेट आला की कान ओढतो. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा."

"सरी, ठीक," ते म्हणाले.

परीक्षेला सगळी शेड जमली. पहिला सेट आला, रावांनी डोळे मिटले. मला वाटलं, सवय आहे, उघडतील. दुसरा, पाचवा, नववा. "हां, क्लिक." "हां, क्लिक." तेरावा आला आणि मी कान ओढला. दोन्ही ओढले. इतके की आज माझ्या कानांची जी लांबी तुम्ही बघता ती त्या दिवसाची. खोकलोसुद्धा, पण खोकला कुणाला ऐकू जाणार होता?

"हां, क्लिक," राव म्हणाले, आणि शिक्का मारला.

त्यानंतर फोरमन जे ओरडला ते वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून ते पॅकिंगला गेले. त्यांच्या स्टुलावर एक नवा माणूस आला, चांगल्या कानांचा. डोळे उघडे ठेवून ऐकायचा आणि क्लिक हा शब्द कधी उच्चारायचा नाही.

आठवड्यानं जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगला गेलो. राव फोन कागदात गुंडाळत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन रागानंच विचारलं, "अण्णा, ठरलं होतं ना आपलं? डोळे का मिटलेत? मी समोर उभा होतो."

त्यांनी हातातल्या फोनला सुतळीची गाठ मारली.

"उघडले असते तर दिसला असतास," ते म्हणाले.