होडीतल्या रेडिओला हळद लागली

सासऱ्यांच्या होडीला रेडिओची काहीएक गरज नव्हती, म्हणून मी तो बसवला.

मी मुंबईला गोदीत कामाला. (गोदीतल्या कॅन्टीनमध्ये. पण शहापूर तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीला हे इतकं सविस्तर सांगायची वेळ कधी आली नव्हती!) तिथं मला सगळे ‘बोटीवरचे जावय’ म्हणायचे. मेहुण्याचं लग्न ठरलं तसा त्या नावाला जागावं म्हणून मी भंगारातून मोठ्या बोटीवरचा, पाटीएवढ्या स्क्रीनचा एक जुना रेडिओ उचलला आणि होडीत, वल्हं मारणाऱ्याच्या अगदी नाकासमोर ठोकून बॅटरीला जोडला.

नवरी धरणाच्या पाण्यापलीकडची. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद तिच्याकडं पोचल्याशिवाय तिला हळद लागत नाही. रस्त्यानं भलामोठा वळसा, पाण्यातून मात्र समोरच. दिवस मावळल्यावर आम्ही निघालो. सासरे वल्ह्यावर, सासूबाई हळदीची वाटी उराशी धरून, बाजूला आमची ही आणि रेडिओपाशी मी! पलीकडं नवरीकडच्यांनी बांबूला दिवा टांगला होता. त्याच्या रोखानं जायचं, एवढंच काम.

अंधार दाटला आणि मी रेडिओ चालू केला. स्क्रीन भक्कन पेटली.

“जावय, ह्यो काय सूर्य काढलाव?” सासरे ओरडले. “समोरचा दिवाच दिसत नाय!”

“आत्ता कमी करतो, मामा. रात्रीचं सेटिंग असतं याला.”

असतं. कुठं असतं, ते मला ठाऊक नव्हतं! एक बटण दाबलं, उजेड वाढला. दुसरं दाबलं, आणखी वाढला. तिसरं दाबल्यावर रेडिओ केकाटायला लागला. धरणावरचे झाडून सगळे किडे त्या उजेडावर जमले आणि बोलायला तोंड उघडलं की सासऱ्यांच्या तोंडात जायला लागले.

“अवो, टॉवेल तरी टाका त्याच्यावर!” बायको म्हणाली.

“टॉवेलानं मशीन तापतं. बोटीवर असलं चालत नाही!” मी तोऱ्यात सांगितलं.

सासरे अंदाजानं वल्हं मारत राहिले. बऱ्याच वेळानं होडी काठाला धडकली. “पोचलो एकदाचे!” म्हणत मी उडी मारली. समोर एक म्हैस बांधलेली.

“गो बाय!” सासूबाई किंचाळल्या. “ही तं आपलीच म्हस!”

आम्ही गोल फिरून घरच्याच काठाला लागलो होतो! सासूबाईंचं टाळकं सरकलं. “तिकडं पोरगी पाटावर बसून र्‍हायलीय, आन् तुमचा ह्यो खेळ!” असं म्हणून त्यांनी हातात होतं ते त्या स्क्रीनवर थापलं. हातात हळद होती. उजेड पिवळा झाला, पण जाईना. त्यांनी आणखी थापली. वाटी रिकामी झाली तेव्हा कुठं अंधार झाला आणि पलीकडचा दिवा दिसला.

या खेपेला आम्ही सरळ पोचलो. मांडवात धवलारीण, म्हणजे आमच्याकडं गाणी म्हणत लग्नाचे विधी लावणारी बाई, हात पुढं करून उभी. “आणा हळद.”

सासूबाईंनी रिकामी वाटी दाखवली आणि त्यांना रडूच फुटलं. “पोराची हळद मी माझ्या हातानं घालवली गो!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धवलारणीनं सगळं ऐकून घेतलं. “घालवली कुठं? हाय तिथं हाय की! नवऱ्याकडनंच आलीय ना? आणा तो डबा.”

सासऱ्यांनी होडीत जाऊन बॅटरीतून रेडिओची वायर उपटली. रेडिओ विझला. “येवढंच व्हतं?” ते माझ्याकडं बघून म्हणाले. (मी म्हशीच्या तब्येतीबद्दल बोलायला लागलो.)

जावयासाठी मांडलेल्या पाटावर रेडिओ बसला. बायकांनी त्याच्या तोंडावरची हळद बोटांनी निपटून नवरीला लावली, वर गाणीही म्हटली. नवरी हसून हसून लाल झाली. सासूबाईंनी डोळे पुसले. माझा पाट गेला, तेव्हा तोंड लपवायला मी पंगतीत आमटीची बादली घेऊन वाढायला लागलो. थेंब न सांडता अख्खी पंगत वाढली.

सासरे भुरका मारत मोठ्यानं म्हणाले, “वा जावय, ह्या कामात तुमचा हात लय बसलेला दिसतोय! बोटीवर ह्येच करता का?”

मी घाईघाईनं त्यांना आणखी आमटी वाढली.