सुभेदाराकडं पाठ करून

घोडेगावच्या बाजारात मच्छिंद्रनानांनी चाळीस वर्षं जनावरांची दलाली केली. बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजणारा माणूस. एकदा एका मारक्या खोंडानं दोन गडी लोळवले होते, तर नाना त्याच्या गव्हाणीवर त्याच्याकडं पाठ करून दिवसभर तंबाखू चोळत बसले आणि दिवस मावळायला त्याच्या गळ्याखाली खाजवत उभे राहिले. ही गोष्ट बाजारात अजून सांगतात. कुणी सांगायचं विसरलं तर नाना स्वतः सांगतात. असा हा माणूस त्या बुधवारी सकाळी आपल्याच ओट्यावर एका वीतभर जनावराला बघून भिंतीला टेकला, तो टेकलाच.

ते जनावर आणलं होतं त्यांच्या नातीनं, सायलीनं. ती नगरला जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. कॅम्पातल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांनी आपला पाळलेला सरडा नोंदणीच्या कागदासकट तिला देऊन टाकला. रंग बदलणारा, परदेशी जातीचा. डोक्यावर फेट्याच्या शेमल्यासारखा उंच तुरा, म्हणून साहेबांनी त्याचं नाव ठेवलं होतं सुभेदार. तो तिच्या खोलीवर येऊन जेमतेम पाच दिवस झाले आणि तिला ट्रेनिंगसाठी नागपूरचं बोलावणं आलं.

"अगं, हा तर घोयरा," नाना लांबूनच म्हणाले. "हा चावला तर माणूस पाणी मागत न्हाई."

"आबा, ह्याला विष नसतं. आपल्या बांधावरच्याला पण नसतं. तोच तुम्हाला भितो."

"तो कशाला भिईल? डोळं बघ त्याचं. एक माझ्याकडं, एक तुझ्या आजीकडं."

लंकाबाईंनी हे ऐकलं आणि पदर सावरून दाराआड झाल्या.

सायलीनं वहीचं पान फाडून चार ओळी लिहून दिल्या. दिवसातून तीनदा बाटलीनं पानांवर पाणी फवारायचं, तो पानावरचा थेंब पितो, वाटीतलं पीत नाही. डब्यातले पाच किडे सकाळी. हात लावायचा नाही. आणि खाली रेघ मारून, एकटं सोडायचं. मग निघताना बॅग खांद्याला लावत म्हणाली, "आणि आबा, एवढा विकू नका म्हणजे झालं."

हसत म्हणाली खरी, पण ते नानांच्या वर्मी बसलं. सायली नववीत असताना तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली कालवड, चिमणी, नानांनी ती शाळेत गेलेली असताना बाजार दाखवून विकली होती. पोरगी दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर एवढंच म्हणाली, आबा, तुमच्या लेखी जनावर म्हणजे माल. आठ वर्षं झाली, पुन्हा तिनं तो विषय काढला नव्हता. नानांना तो रोज आठवत होता. म्हणून ती एसटीत बसली तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की शनिवारी ती येईल तेव्हा हे जनावर जिवंत, टवटवीत तिच्या हातात द्यायचं. जाऊ दे मग आपलं बोट तुटून.

आता गंमत बघा. ज्याला सगळं माहीत असतं त्याच्या हातात कागद द्यायचा म्हणजे कठीणच. नानांनी पान वाचलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "पोरगी लहान हाय अजून. नवं जनावर एकटं कुणी सोडतं व्हय?"

नवं जनावर दारात आलं की आपल्याकडं काय करतात? पायावर पाणी, कपाळाला हळदकुंकू, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि आळीनं येऊन बघायचं. नानांनी ते सगळं केलं. पिंजरा ओट्याच्या मधोमध जमिनीवर ठेवला, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावा. लंकाबाईंनी कुंकवाची चिमूट दोन हात लांबून फेकली. ती जाळीवर बसली आणि वाऱ्यानं परत त्यांच्याच लुगड्यावर आली. माणसं वरून वाकून बघू लागली. शेजारचे काकासाहेब तर जाळीला नाक लावून.

सुभेदार फांदीवर आडवा झाला. अंगावर पिवळे-हिरवे पट्टे असे उठले की जणू कुणी आत्ताच रंगवलेत. अंग फुगवलं आणि तोंड उघडलं.

"बघा, कसा खुललाय," नाना म्हणाले. "अंग भरलं बघा. हसतोय बी."

"हसत न्हाई, नाना," काकासाहेब मागं सरकले. "माझ्याकडं बघून दात दाखवतोय."

"तुझ्याकडं बघून कुणी बी दाखवल."

माणसं हसली, गेली. पण नाना मनातून चरकले होते. ते उघडं तोंड त्यांना आवडलं नव्हतं. बाजारात असं तोंड त्यांनी पाहिलं होतं, कुठं ते मात्र आठवेना.

गुरुवारी सकाळी सुभेदाराचे पट्टे गेलेले. वाळल्या शेंगेसारखा रंग. सोडलेले किडे तसेच पिंजऱ्यात फिरत होते, वाटीतलं पाणी जसंच्या तसं. हो, नानांनी वाटी ठेवली होती. जनावर आहे, तहान लागली की पिईल. बाटलीची भुरभुर त्यांना पोरखेळ वाटली होती.

"करमत न्हाई त्याला," नानांनी निदान केलं. "कळपातनं काढलेलं जनावर हाय. जोडीला कोण तरी पायजे."

"दुसरा घोयरा आणला तर मी माहेरी जाईन," लंकाबाई म्हणाल्या. माहेर म्हणजे भाऊ-भावजय, सोनईला.

नानांनी दुसरा आणला नाही. त्यांनी आत जाऊन लंकाबाईंचा खिळ्यावरचा आरसा काढला आणि जाळीला टेकवून ठेवला. एकट्या पाडसासमोर असं केलं की ते गुमान चरतं, असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं.

सुभेदारानं आरशात पाहिलं आणि तो काळा झाला. तव्याच्या बुडासारखा, शेपटापासून तुऱ्यापर्यंत. गळा फुगला, शरीर पापडासारखं चपटं होऊन दुप्पट दिसायला लागलं, आणि एवढ्याशा अंगातून फुस्स असा आवाज आला की लंकाबाईंच्या हातातली कळशी निसटली. तो आरशावर झेपावला, जाळीला आपटला आणि खाली पडला. नानांनी आरसा ओढून घेतला, तो घाईत पायरीवर आपटून फुटला.

सुभेदार बराच वेळ तळाशी तसाच पडून होता. मग एकेक पाय उचलत कोपऱ्यातल्या काटकीपर्यंत गेला, तिला धरून बसला आणि त्यानं डोळे मिटले. दोन्ही. भर बाराच्या उन्हात.

दिवसा डोळे मिटून उभं राहिलेलं जनावर त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही कुणाला घेऊ दिलं नव्हतं. तसलं जनावर घरी पोचत नाही. आणि उघड्या तोंडाचंही आता आठवलं. ट्रकमधून फळी लावून उतरवताना, चहूकडून माणसं ओरडत असताना, कानडी मुलखातली वासरं असंच तोंड उघडतात. ते हसू नव्हतं, भीती होती. दोन दिवस ते जनावर जमेल त्या रीतीनं सांगत होतं आणि दात मोजणारा माणूस गावाला गंमत दाखवत होता.

"फोन करा तिला," लंकाबाई म्हणाल्या.

नानांनी मोबाईल काढला, नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. "काय सांगू? काय तोंडानं सांगू?"

तेवढ्यात आवाज ऐकून काकासाहेब आले. त्यांनी पिंजऱ्यात डोकावलं, नानांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "भिऊ नका. ह्याचं काय झालं तर माझ्या बांधाच्या बाभळीवर एक बसतोय. रंगाचं काय, तो तर बदलतोच. पोरीला कळायचं न्हाई."

बाजारात शिंगं घासून, तेल लावून म्हातारा बैल जवान करणारी माणसं नानांनी पाहिली होती, काहींना पाठीशीही घातलं होतं. खोटं कशाला सांगा, एक चिमूट तंबाखू मळून होईपर्यंत नानांनी त्या बाभळीचा विचार केला.

"त्याला तुरा न्हाई," शेवटी ते म्हणाले. "अन् तो वनखात्याचा हाय, धरला तर केस व्हईल. अन् तू घरी जा, काकासाहेब."

मग त्यांनी फोन लावला. सायलीनं उचलला तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. ओटा, आळी, कुंकू, वाटी, आरसा.

"आबा, तो एकटा राहणारा प्राणी आहे," ती म्हणाली. "आरशात त्याला वाटलं दुसरा नर घरात घुसला."

"मला वाटलं जोडीला."

"आता डोळे मिटलेत?"

"व्हय."

"ऐका. पिंजरा उचलून आतल्या खोलीत उंच ठेवा, तुमच्या डोक्याच्या वर. वरून कुणी बघितलं की त्याला घारच वाटते. तीन बाजूंनी चादर लावा. दारातल्या जास्वंदीच्या पानासकट फांद्या धुऊन आत घाला, लपायला. मग पानांवर पाणी, सावकाश, बराच वेळ. आणि खोलीत गर्दी नको. उद्या सकाळपर्यंत डोळे उघडले नाहीत तर गाडी करून नगरला आमच्या डॉक्टरांकडं न्या, मी बोलून ठेवते. आणि आबा, त्याच्याकडं बघत बसू नका हं."

"न बघता कळंल कसं जगला का?"

"ते तुम्हाला मी सांगू का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिंजरा उचलताना पहिल्यांदाच नानांचा चेहरा सुभेदाराच्या चेहऱ्याच्या इतका जवळ आला. त्याची बरगडी वरखाली होत होती, पिंपळाच्या पानासारखी. चावेल ही भीती कधी गेली ते नानांना कळलंही नाही. आता भीती होती ती बरगडी थांबायची. कपाटावर पिंजरा चढवला, लंकाबाईंनी आपलं जुनं लुगडं तीन बाजूंनी बांधलं, जास्वंद घातली. बाटलीचं पाणी पुरेना तसे नाना गोठ्यात गेले आणि पाठीवरचा फवारणीचा पंप भरून घेऊन आले. नळी जाळीशी नेली, खटका दाबणार, तोच लंकाबाईंनी नळीच मुठीत पकडली.

"परवा कपाशीला औषध मारलं ते कशानं?"

नाना मटकन खाली बसले. पंप तसाच पाठीवर.

पुढचं पाणी लंकाबाईंनी घातलं. त्याच, दोन हात लांबून कुंकू फेकणाऱ्या. सायलीच्या छोट्या बाटलीनं, पुन्हा पुन्हा भरून, तोंड दुसरीकडं वळवून. पानांवरून थेंब टपकू लागले. नानांनी कपाटाखाली जमिनीवर एक गोणपाट टाकलं, कपाटाकडं पाठ केली आणि बसले, त्या मारक्या खोंडाजवळ बसले होते तसे. तेव्हा शिंगं पाठीत घुसतील अशी भीती होती. आताची भीती त्याहून वाईट होती, कारण पाठीमागून काहीच येत नव्हतं. आवाज नाही, हालचाल नाही. दर पाच मिनिटांनी मान वळवावीशी वाटे आणि ते आपलाच गुडघा घट्ट धरून ठेवत. काकासाहेब दारात येऊन "काय झालं का?" विचारून गेले, नानांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

शुक्रवारी उजाडल्यावर लंकाबाई हातात चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"एक डोळा उघडाय," त्या कुजबुजल्या.

"कुणाकडं बघतोय?"

"तुमच्या टकलाकडं."

नाना वळले नाहीत. तसेच बसून त्यांनी चहा घेतला. त्या दिवशी बाजार होता, चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाना बाजाराला गेले नाहीत. दुपारी लंकाबाईंनी बातमी दिली की तो पानाच्या टोकाशी थेंब चाटतोय. पण किडा त्यानं एकही खाल्ला नव्हता, आणि जनावर खात नाही तोवर ते आपलं झालं असं म्हणायचं नसतं, हे नानांना ठाऊक होतं. गाडीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, कधीही निघावं लागेल.

शनिवारी चारच्या सुमारास सायली आली. बॅग ओट्यावर टाकून थेट आत शिरली, तर नानांनी हात आडवा केला.

"थांब. चपला काढ. आत्ता कुठं पानाच्या भाईर आलाय. हितं बस, त्याच्याकडं पाठ करून."

"आबा, मला बघू तर द्या."

"बस म्हनलं ना. तूच सांगितलंस."

ती बसली. आजोबा-नात भिंतीकडं तोंड करून, एका गोणपाटावर. नानांची दाढी वाढलेली, डोळे लाल. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"मी पाच किडं सोडलेत मगाशी," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "खाल्लं न्हाई तर आत्ताच नगरला निघू."

"बरं."

मग भिंतीकडंच बघत तिनं विचारलं, "चिमणी कुणाला दिली होती?"

आठ वर्षं ते ह्या प्रश्नाला भीत होते, मारक्या खोंडालाही भ्याले नव्हते इतकं. "सोनईला. एका बाईला. कसायाला न्हाई दिली, तुझी शपथ. मी दोनदा जाऊन बघून आलो. तिला दोन वेतं झाली. मला बघून हंबरली बी न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस. अन् मला भ्या वाटायचं."

मागं, कपाटावरच्या जास्वंदीत काहीतरी सळसळलं. सायलीचा हात नानांच्या मनगटावर आला. दोघांनी श्वास धरला. आणि ओल्या कापडाची कड झटकावी तसा एक बारीकसा आवाज आला, चट्. मग कुरकुर, काहीतरी चावल्याची.

दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.

"एक," नाना म्हणाले.